शुगर पास झालेली बाई

एकाच गाडीचं उद्घाटन किती वेळा करता येतं असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, गावं जितकी तितक्या वेळा. आमच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीला प्रत्येक गावात नव्याने लाल रिबीन बांधली जायची. ताटात कात्री, बाजूला हळदकुंकू, नारळ. पाहुणे रिबीन कापायचे, टाळ्या व्हायच्या, फोटो निघायचे. गाडीत मात्र आदल्या गावात सांडलेला कापूस तसाच पडलेला असायचा.

मी या गाडीवर दुभाषी म्हणून जायचे. शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर घरी बसून टीव्हीवर चिडण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडावं असं वाटलं, आणि डोंबिवलीतल्या एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं म्हणून हो म्हटलं. चिडणं माझ्या स्वभावातच आहे. लहानपणी कोपरीच्या आमच्या चाळीत नळावर भांडण जुंपलं की आई मला पुढे करायची आणि स्वतः मागे बादली धरून उभी राहायची. तर कल्याणला जीपमध्ये बसायचं, खडवलीच्या पुढे आत कुठल्या तरी गावात उतरायचं, आणि परदेशातून आलेल्या मुलांचं बोलणं गावकऱ्यांना आणि गावकऱ्यांचं त्या मुलांना सांगायचं, एवढंच माझं काम.

ही मुलं दोन-दोन आठवड्यांसाठी यायची. सेवा करायला आणि भारत बघायला. पुढे डॉक्टर व्हायचा विचार असलेली, कॉलेजात शिकणारी, बरीचशी तर अजून मेडिकलला गेलेलीसुद्धा नसायची. पांढरे कोट मात्र सगळ्यांना मिळायचे. माझी मुलगी परदेशात नर्स आहे. तिला एकदा फोनवर सांगितलं, की इथे ही मुलं पेशंटची बोटं टोचून रक्त तपासतात. ती म्हणाली, "आई, इथे यांना कुणी पेशंटची चादरसुद्धा बदलू देणार नाही."

तिकडे जे चालत नाही ते इकडे चालतं, कारण इकडे विचारायला कुणी येत नाही. पण त्या मुलांवर माझा राग नव्हता. गोड पोरं होती. उन्हाने लालबुंद व्हायची, आज्यांना वाकून नमस्कार करायची, वरणभात हाताने खाताना कोपरापर्यंत बरबटून घ्यायची. माझा सगळा राग संस्था चालवणाऱ्या गृहस्थांवर. सगळे त्यांना साहेब म्हणायचे. खादीचा झब्बा, आवाज मऊ, आणि दर दोन वाक्यांनंतर 'आपले ग्रामीण बांधव'. हे बांधव उन्हात बसलेले असायचे आणि साहेब मांडवात.

या साहेबांनी एक युक्ती काढली होती. मुलांना शुगरचे आकडे समजत नाहीत, आणि गावकऱ्यांना समजावत बसायला वेळ नाही. म्हणून त्यांनी एक कार्ड छापून घेतलं. कार्डावर दोनच रंग. एका आकड्याच्या वर गेलं की लाल, खाली आलं की हिरवा. लाल म्हणजे नापास, हिरवा म्हणजे पास. मुलाने मशीनवरचा आकडा बघायचा, कार्ड बघायचं आणि अंगठा वर किंवा खाली करायचा. साहेबांना या कार्डाचा फार अभिमान. भाषेची अडचणच संपली, म्हणायचे. मी तिथे उभी असायचे, मला उद्देशूनच म्हणायचे की काय कोण जाणे.

हे पास-नापास गावांत असं काही रुजलं, की विचारू नका. बायका रांगेत बसून एकमेकींना चिडवायच्या. तू तर दर वेळची नापास, तुला आता वरच्या वर्गात कोण घेणार, वगैरे. मीही सुरुवातीला हसले. पण पुढे या पासाला खरी किंमत आली. संस्थेने मोतीबिंदूच्या मोफत ऑपरेशनची सोय केली. ज्यांचा डोळा पिकलाय आणि शुगर पास आहे त्यांचीच नावं त्या दिवशी लिहून घ्यायची आणि पुढच्या आठवड्यात बस पाठवून त्यांना न्यायचं. शुगर वाढलेली असताना डोळ्याला हात लावत नाहीत, हे बरोबरच आहे. मला स्वतःला कित्येक वर्षं शुगर आहे, एवढं मलाही कळतं. पण मग त्या माणसाची शुगर ताब्यात आणायला काय केलंत? गोळ्यांची पुडी दिलीत, आणि पुढच्या खेपेला या, म्हणालात. पुढची खेप कधी, तर गाडी फिरून त्या गावात येईल तेव्हा. गोळी जेवणाशी बांधलेली असते, हे कुणी सांगायचं?

त्यात आणखी एक भर. तपासणीला रिकाम्या पोटी यायचं, असा रिक्षावर भोंगा लावून पुकारा व्हायचा. एका गावात एक म्हातारे गृहस्थ घोटभर चहा पिऊन आले, तर साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर परत पाठवलं. नियम म्हणजे नियम. ती बातमी गाडीच्या आधी पुढच्या गावांत पोचली. तेव्हापासून गाडी येणार म्हटलं की अख्खं गाव उपाशी बसायचं, ज्याला नुसता खोकला झालाय तोसुद्धा.

तर त्या गावात, जिथलं मला सांगायचंय, एक बाई होती. माझ्याच वयाची असेल, एखाद-दोन वर्षं इकडे-तिकडे. नदीकाठी तिची भेंडी आणि काकडी व्हायची आणि ती स्वतः टोपली घेऊन कल्याणला विकायला बसायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भेंडी कोवळी की जून हे ती अंगठ्याने शेंडा दाबून बघायची, पण पैसे देता-घेताना गिऱ्हाईक फसवू लागलं तेव्हा मुलाने तिचं बाजारात जाणं बंद केलं. मग एकदा चुलीपाशी हात भाजला, तर सुनेने स्वयंपाकघरात येणंही बंद केलं. दोघांची काळजी खरी होती, पण बाई ओट्यावर बसून राहिली. हे सगळं तिने मला आधीच्या खेपेला सांगितलं होतं, आणि त्या खेपेला ती शुगरमध्ये नापास झाली होती. त्याच्या आधीच्या खेपेलाही. दोन्ही वेळा बस तिच्या दारावरून गेली आणि आळीतल्या बायका चष्मे लावून परत आल्या.

त्या दिवशी गाडी सकाळी लवकर पोचायची होती. पोचली उन्हं डोक्यावर आल्यावर. संस्थेला देणग्या देणारे परदेशी पाहुणे फार्महाऊसवर उतरले होते आणि त्यांची न्याहारी लांबली. बरं, पोचल्यावर तरी लगेच सुरू करा. नाही. आधी शाळेच्या मुलींचं स्वागतगीत. मग रिबीन. मग सरपंचांचं भाषण, साहेबांचं भाषण, पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. आमच्या गाडीवरचे डॉक्टरही मांडवात, त्यांच्याही खांद्यावर शाल. समोर मोकळ्या मैदानात ती उपाशी माणसं उकिडवी बसलेली. मी साहेबांना दोनदा जाऊन सांगितलं, की लोक उपाशी आहेत, निदान तपासणी सुरू करू द्या. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते हसून म्हणाले, की आपले बांधव उपासतापासाला सरावलेले असतात. माझ्या तोंडावर जे आलं होतं ते मी गिळलं. आजवर गिळलेल्या गोष्टींत ती सगळ्यात कडू.

शेवटी परदेशी पाहुण्यांनाच कंटाळा आला असावा. निम्मे सत्कार अजून बाकी असताना साहेबांनी मुलांना तपासणी सुरू करायला सांगितलं. मांडवाच्या कडेला लावलेल्या माझ्या टेबलावर एक मुलगी होती, वीसेक वर्षांची, केसांची घट्ट वेणी घातलेली. आदल्या दिवशी तिने माझ्याकडून 'दुखणार नाही' हे दोन शब्द शिकून घेतले होते आणि प्रत्येकाला बोट टोचायच्या आधी ती ते म्हणायची. पहिला नंबर भेंडीवाल्या बाईचा. ती पहाटेपासून तिथे येऊन बसली होती.

मुलीने 'दुखणार नाही' म्हटलं, बोट टोचलं. मशीनवर आकडा आला चव्वेचाळीस. मुलीने कार्डावर बघितलं, हिरवा. तिचा चेहरा फुलला. तिने अंगठा वर केला, वर टाळीही वाजवली. मागच्या बायकांनी ते बघून गलका केला, पास झाली, पास झाली. कार्डावर हिरव्याला तळच नव्हता. आकडा शून्य आला असता तरी ते कार्ड पासच म्हणालं असतं.

बाई माझ्याकडे वळली. हसली. हसताना तिचा ओठ एका बाजूला ओढला गेल्यासारखा दिसला. जिभेवर काही जड ठेवावं तशी बोलली.

"बाय, झाले ना मी पास?"

तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. ती मांडवाच्या सावलीत बसली होती, थंडी अजून पुरती गेली नव्हती, आणि तिचं कपाळ, मान, सगळं पाझरत होतं. टेबलावरचा हात थरथरत होता. हा घाम मला ओळखीचा आहे. माझ्या अंगाला एकदोनदा सुटलाय आणि तेव्हा मी घरात होते, साखरेचा डबा हाताशी होता. मी खाली वाकून विचारलं, काय खाल्लंय, गोळी घेतलीय का. तिने अगदी अभिमानाने सांगितलं.

"काल सांजपासून खाल्लंच नाय काय. गोल्या पन दोन घेतल्या, आनि शेजारनीची एक मागून घेतली. आज पास व्हायचंच होतं."

तिची साखर पार तळाला गेली होती. मी सरळ मांडवात शिरले. पाहुण्यांसमोर पेढ्यांचा बॉक्स होता, तो उचलला. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, मॅडम, सत्कार व्हायचाय अजून. मी म्हटलं, मग माझा करून टाका, आणि बॉक्स घेऊन पळाले. या वयात आणि या गुडघ्यांनी मी पळाले, हे माझं मलाच नवल.

तोवर ती खुर्चीवरून कलली होती. सुनेने तिला मागून धरलं होतं. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. मी पेढा कुस्करून तिच्या ओठांशी नेला. आणि या बाईने दात आवळून घेतले! अंगात त्राण नाही, मान सावरत नाही, आणि माझा हात मात्र तिने झटकला. तुटक तुटक जे बोलली ते सुनेला कळलं, मलाही कळलं. नको, मशीन परत लावतील. चढंल.

मरायला टेकलेली बाई साखर थुंकत होती, नापास होईन म्हणून. मी तिचे गाल दाबले, तिच्यावर ओरडले, काय काय बोलले ते आठवत नाही. सून रडत तिला म्हणत होती, आई, खा, तुम्हाला माझी शपथ. कसाबसा थोडा पेढा तोंडात गेला. डॉक्टर शाल खांद्यावर तशीच घेऊन धावत आले, तिला गाडीत नेलं, ग्लुकोज चढवलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. मांडवात बसवलं तर बसणारे आणि बोलावलं तर धावणारे, एवढंच. ती वेणीवाली मुलगी माझ्या शेजारी पांढरीफटक उभी होती. तिने मला दोनदा विचारलं, की पण हिरवा होता ना? मी तिला म्हटलं, बाळ, तुला हे काम कुणी द्यायलाच नको होतं. ते ऐकून ती रडायला लागली, आणि मला तिची दया आली, आणि रागही.

बाई शुद्धीवर आली. जीपने तिला कल्याणला न्यायचं ठरलं, कारण त्या गोळ्यांचा असर उतरेपर्यंत साखर पुन्हा पडू शकते, असं डॉक्टर म्हणाले. हातात सुई तशीच, तिला गाडीतून उतरवत होते. तेवढ्यात साहेब ऑपरेशनची नावं वाचू लागले. तिचं नाव नव्हतं. ती थांबली. सुनेचा हात सोडवून साहेबांच्या दिशेने, म्हणजे त्यांच्या आवाजाच्या दिशेने, वळली.

"सायेब, पेढ्याच्या आधीचा आकडा धरा ना. तवा मी पास होते. या बाईंनी बघितलाय."

साहेब म्हणाले, ताई, तब्येत सांभाळा, पुढच्या खेपेला नक्की बघू. मऊ आवाजात. तिने माझ्याकडे मान वळवली, मी साक्ष द्यावी म्हणून. काय साक्ष देणार होते मी? की हो, ही बाई मरता मरता पास झाली होती?

जीप गेल्यावर मी साहेबांशी भांडले. नळावर शिकलेलं सगळं बाहेर काढलं. म्हटलं, तुमच्या कार्डाला खालची रेघ का नाही? लोकांना उपाशी ठेवून सत्कार कसले करून घेता? ज्या पोरांना त्यांच्या देशात कुणी सुई धरू देत नाही, त्यांच्या हातात आमच्या माणसांची बोटं कोणत्या हक्काने देता? ते सगळं ऐकून घेत होते, मान हलवत होते, आणि शेवटी म्हणाले, की मी भावनेच्या भरात बोलतेय, आपण कामाची व्याप्ती बघायला हवी. व्याप्ती! एक बाई त्या व्याप्तीत कुठे बसते, ते त्यांनी सांगितलं नाही. पुढच्या खेपेआधी मला निरोप आला, की आता दुभाष्याची व्यवस्था झाली आहे, आपले आभार. काही दिवसांनी त्यांच्या प्रचाराचा एक फोटो कुणीतरी माझ्या मोबाईलवर पाठवला. गाडीच्या दारात ती बाई, हाताला ग्लुकोजची नळी, शेजारी साहेब बाटली धरून उभे. खाली लिहिलं होतं, की वेळेवर उपचार मिळाल्याने प्राण वाचले. मी मोबाईल सोफ्यावर आपटला. जमिनीवर आपटणार होते, पण मुलीने घेऊन दिलेला होता.

सुनेचा नंबर मी घेऊन ठेवला होता. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन असंच होतं, मी घेऊन जाते, असं कितीदा तरी फोन करून सांगितलं. बाई तयार होईना. तिचं म्हणणं, गाडी पुन्हा येईल, या वेळी ती नीट पास होईल, दोनच गोळ्या घेईल. शेवटी सुनेने तिला माझ्या पदरात घातलं. पुढचं आताच सांगून टाकते. डॉक्टरांनी आधी गोळ्या बदलल्या, शुगर आटोक्यात आणली आणि काही आठवड्यांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं नीट झाली. आता ती पुन्हा बाजारात बसते आणि मला जून भेंडी देत नाही. पण मला त्या ऑपरेशनाच्या दिवसापेक्षा पहिला दिवस जास्त आठवतो.

त्या दिवशी मी तिला ठाणे स्टेशनवर उतरवून घेतलं. सून बरोबर होती. मी विचारलं, खाऊन निघालात ना? बाई म्हणाली, हो, भाकरी आणि चटणी. सून पिशवीत काहीतरी शोधायला लागली. दवाखान्यात नंबर लागला. डॉक्टर तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली जाग्रणाची काळोखी. तिनेही तोच प्रश्न विचारला, काही खाल्लंय का. आणि बाईने लगेच, मान ताठ करून सांगितलं, नाय, काय नाय, पानी पन नाय.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, शुगरच्या माणसाने असं उपाशी फिरायचं नाही, आधी बाहेर जाऊन खाऊन या, मी तुमचा नंबर ठेवते. बाईला ते खरंच वाटेना. तिने माझ्याकडे मान वळवली. तिला वाटलं, ही तिला परत पाठवायची नवीन पद्धत आहे. तिला हाताला धरून मी बाहेर आणलं तेव्हा ती पुन्हा पुन्हा विचारत होती, की आपलं काय चुकलं.

समोर इडलीवाला होता. एक प्लेट घेतली, तिच्या हातात दिली. ती उभ्या उभ्या खायला लागली, चटणीकडे न बघता, दोन घास एकदम. तिने जे दोन जबाब दिले होते त्यांतला खरा कुठला, ते तेव्हा कळलं. मी पाण्याच्या बाटलीचं निमित्त करून दुसरीकडे बघत राहिले. पुन्हा वळले तेव्हा ती थांबली होती. पोट भरलेलं नव्हतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. बशीत अर्धी इडली उरली होती. ती तिने चाचपून बोटांनी एका कडेला सारली आणि बशी माझ्या हातात दिली.

"एवढी राहू दे, बाय," ती म्हणाली. "पास होन्यापुरती जागा ठेवते."